एका पत्राची पोच

मुकुंदचा फोन आला तेव्हा मी भोपाळात बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात मेथीच्या जुड्या उलटसुलट करत होतो. फोनवर त्याचं नाव दिसलं आणि मी तो घेतला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे यापुढे मी स्वतःबद्दल काही चांगलं लिहिलं तर वाचकांनी त्यावर बेताचाच विश्वास ठेवावा. गेली कित्येक वर्षं तो मला वर्षातून दोनदाच फोन करायचा, दिवाळीला आणि माझ्या वाढदिवसाला. ते दोन फोन मी घ्यायचो, थंडी-उन्हाळ्याचं बोलायचो आणि ठेवून द्यायचो. त्या दिवशी ना दिवाळी होती ना वाढदिवस. अवेळी आलेल्या त्या फोनची मला भीती वाटली... कसली भीती, ते पुढे येईलच. फोन वाजून वाजून थांबला. मी मेथी पिशवीत टाकतोय तोवर पुन्हा वाजला, तेव्हा नाइलाजाने घेतला. पलीकडे नलिनीवहिनी होत्या. "भाऊजी, हे गेले सकाळी," त्या म्हणाल्या. "आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं... तसंच राहिलं." म्हणजे मी जो टाळला तो फोन करणारा मुकुंद नव्हताच. भरबाजारात पिशवी धरून मी उभा राहिलो, आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. सुटलो बुवा, असं वाटलं मला.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. एका मराठी वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी मुकुंदवर लिहा असा निरोप आला तेव्हा मी सरळ नाही म्हणालो होतो. मग लिहायला का बसलो, तेही पुढे सांगतो.

स्मृतिलेखातली माणसं जन्मभर हसतमुख, निगर्वी आणि अजातशत्रू असतात. मुकुंद पिंपळखुटे यांपैकी काहीच नव्हता. तो खडूस होता, त्याला स्वतःच्या बुद्धीची नीट जाणीव होती आणि शत्रू तर त्याने हौसेने जमवले होते. त्याचे आजोबा सरकारी कचेरीबरोबर बिऱ्हाड उचलून नागपूरहून भोपाळला आले. मुकुंद इथेच वाढला, इथेच इंजिनीअर झाला, मग दक्षिणेत जाऊन डॉक्टरेट घेऊन आला. त्याचा विषय मजकुराला कुलूप लावण्याचा. म्हणजे संगणकावरून जाणारा मजकूर भलत्याच्या हाती लागला तरी त्याला वाचता येऊ नये, यासाठी गणित कसं मांडायचं, आणि दुसऱ्याने मांडलेलं कुठे कच्चं आहे ते कसं हुडकायचं. बरोबरीचे सगळे परदेशी गेले. हा भोपाळला परत आला आणि आमच्या संस्थेत शिकवायला लागला. का आलास म्हणून विचारलं की म्हणायचा, "गणित काय, इथंही होऊनच राहिलं ना बे." जिन्याखालची एक खोली त्याला दिली होती. तिथे अर्ध्या भागात मोडके मॉनिटर रचलेले होते, उरलेल्या अर्ध्यात मुकुंद, दोन विद्यार्थी आणि एक फळा. त्या खोलीतून निघालेले त्याचे शोधनिबंध बाहेरच्या देशांतले लोक वाचायचे, पत्रं पाठवायचे, शंका विचारायचे. आमच्या इमारतीत मात्र ते वाचून समजू शकेल असा माणूस नव्हता, मी तर नव्हतोच. पहिला मोठा निबंध स्वीकारला गेला तेव्हा विभागप्रमुखांनी त्याला बोलावून, रिवाजाप्रमाणे आपलं नाव वर घालायला सांगितलं. मुकुंद म्हणाला, "सर, इसका दूसरा पन्ना मुझे समझा दीजिए, नाम डाल देता हूँ।" नाव पडलं नाही. विभागप्रमुख ते कधीच विसरले नाहीत.

मी परीक्षा विभागात होतो. मूळचा उज्जैनचा, माझी मराठी निम्मी हिंदीत भिजलेली. त्या अख्ख्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, तेवढ्यावर आमची मैत्री झाली. दुपारचा डबा तो माझ्या टेबलावर येऊन खायचा. माझ्या बायकोच्या हातचं लोणचं चाटूनपुसून संपवायचा आणि वर सांगायचा की नागपूरच्या लोणच्याची सर नाही. माझ्या मराठीची तो मनसोक्त टर उडवायचा. मी 'मला चालायचंय' म्हटलं की, "चाल ना मग, पडशील नको," म्हणायचा, कारण मला म्हणायचं असायचं 'निघायचंय'.

वर्गात तो कसा शिकवायचा हे मी एकदा दाराबाहेर उभा राहून ऐकलंय. टेबलावर पितळेचं एक जुनं कुलूप ठेवून पोरांना हिंदीत सांगत होता की कुलूप कसं घडवलंय ते गावभर सांगा, नकाशा काढून भिंतीवर लावा, फक्त किल्ली जपा. ज्या कुलपाची घडणच लपवून ठेवावी लागते ते कुलूप कच्चं आहे असं समजा. पोरं लिहून घेत होती. मला ते तेव्हा जरा बालिश वाटलं होतं. आमच्या कार्यालयात तर सगळी कामं घडण लपवण्यावरच चालायची.

त्याची एक सवय मात्र अख्ख्या संस्थेत गाजलेली होती. कुठलाही कागद तो दोन प्रतींत आणायचा. एक द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर 'मिळाला' म्हणून सही मागायचा. रजेचा अर्ज असो की खडूच्या डब्यांची मागणी. त्याला आमचे बाबू लोक 'रिसीविंग साहब' म्हणायचे. तो दारात दिसला की कुणीतरी हळूच म्हणायचं, "लो, रिसीविंग आ गए," आणि मग सगळे खाली मान घालून हसायचे. मीही हसायचो. माझ्याकडे मात्र तो रिसीविंग मागायचा नाही. म्हणायचा, "शरद, पोच दे." आणि मी त्याच्या प्रतीवर कोपऱ्यात मराठीत लिहायचो, 'पोचलं', खाली सही. हा आमचा दोघांचा खेळ होता. ना शिक्का, ना आवक क्रमांक. त्या इमारतीत 'पोचलं' हा शब्द लिहिणारा दुसरा कुणी नव्हता.

ही सवय त्याला त्याच्या विषयातूनच लागली असावी. संगणकावरची सही हेच त्याच्या संशोधनाचं मुख्य काम. एकदा आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्याला व्याख्यान द्यायला सांगितलं, तेही शुद्ध मराठीत. आठवडाभर आधी तो माझ्यामागे लागला. म्हणाला, "अशी सही, की केल्यावर माणसाला नंतर 'मी नाही केली' असं म्हणताच येऊ नये. त्या गुणाला मराठीत काय म्हणायचं सांग. शब्दकोशातलं नको, आपल्या आज्यांना समजलं पाहिजे." मी पोळीचा तुकडा मोडता मोडता सहज म्हणालो, "कानांवर हात ठेवता न येणं." तो इतका खूश झाला की उठून त्याने माझ्या पाठीत गुद्दा घातला. मंडळाच्या सभागृहात पुढच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यांसमोर तो म्हणाला होता, "खरी सही कोणती? जी केल्यावर कानांवर हात ठेवायला जागाच उरत नाही ती. हा शब्द माझा नाही, शरदचा आहे." टाळ्या पडल्या, लोकांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. आज त्या टाळ्या आठवल्या की मला कानकोंडं व्हायला होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. इतका वेळ लोणच्याचं आणि गणेशोत्सवाचं सांगत बसलो, त्यावरून वाचकांच्या लक्षात आलंच असेल की ती सांगणं माझ्या जिवावर आलंय.

संस्थेने एका बाहेरच्या कंपनीकडून एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. प्रश्नपत्रिका छापून गठ्ठे पाठवायचे नाहीत, कुलूपबंद फाईल केंद्रावर पाठवायची आणि परीक्षेच्या अर्धा तास आधी पासवर्ड कळवायचा. आमच्या परीक्षा नियंत्रकांना त्याचं भारी कौतुक. त्यांचा सत्कारही झाला होता. मुकुंदने ते सॉफ्टवेअर दोन दिवस उलटंपालटं करून पाहिलं आणि त्याला आढळलं की पासवर्ड म्हणजे केवळ परीक्षेची तारीख आणि केंद्राचा क्रमांक यांची एक ठरावीक सरमिसळ आहे. ती सरमिसळ ज्याला कळली तो चार दिवस आधी पेपर उघडू शकतो. त्याने नियंत्रकांच्या नावे पत्र लिहिलं. काय कच्चं आहे, का कच्चं आहे, दुरुस्त कसं करायचं, सगळं दीड पानात. त्या दिवशी सुट्टी होती. आम्ही दोघं बिट्टन मार्केटला भाजीला आलो होतो, तिथेच त्याने पिशवीतून दोन प्रती काढल्या. म्हणाला, "उद्या सकाळी पहिलं काम हे कर. आणि पोच दे." मी म्हटलं, अरे इथे? तर म्हणे, "इथं काय पेन चालत नाही का?" नारळवाल्याच्या उलट्या खोक्यावर कागद ठेवून मी लिहिलं, पोचलं. सही केली. नारळवाला म्हणाला, "बाबूजी, रजिस्ट्री हो रही है क्या?" आम्ही तिघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी ते पत्र आवक नोंदीत टाकलं नाही. विसरलो असं म्हणायची सोय आहे, पण विसरलो नव्हतो. माझ्या बढतीची फाईल नियंत्रकांच्या टेबलावर होती आणि त्यांच्या लाडक्या सॉफ्टवेअरला नावं ठेवणारं पत्र माझ्या हातून त्यांच्यापुढे जायला नको होतं. साहेबांचा मूड बघून सांगू, असं म्हणून मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. मुकुंदने दोनदा विचारलं, मी "चल रहा है" म्हणालो. साहेबांचा मूड बघता बघता परीक्षा आल्या आणि पेपर फुटला.

मग चौकशी समिती बसली. कंपनीच्या माणसाने येऊन सांगितलं की आमचं कुलूप पक्कं आहे, ते फोडायचा प्रयत्न केल्याच्या खुणा एकाच संगणकावर सापडतात, जिन्याखालच्या खोलीतल्या. महाराणा प्रताप नगरातल्या एका वर्तमानपत्राने दुसऱ्याच दिवशी छापलं, 'ताले पढ़ाने वाले प्रोफेसर ने ही तोड़ा ताला?' शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की काहीही छापता येतं. मुकुंद समितीपुढे शांत होता. त्याने सांगितलं की मी ते कुलूप तपासलं, ते कच्चं होतं आणि तसं मी परीक्षा विभागाला लेखी कळवलं होतं. अध्यक्षांनी मला बोलावलं. मुकुंद माझ्यापासून चार हातांवर बसला होता. मी म्हणालो, "सर, मेरे पास ऐसा कोई पत्र नहीं आया। आवक रजिस्टर देख लीजिए।" रजिस्टर बघितलं गेलं. त्यात पत्र नव्हतं, म्हणजे कागदोपत्री मी खरं बोलत होतो. अध्यक्ष मुकुंदकडे वळले आणि म्हणाले, "डॉक्टर साहब, आप तो चॉक के डिब्बे की भी रिसीविंग लेते हैं। इसकी ली होगी?" कुणीतरी खुसखुसलं. मी खाली बघत होतो. आता तो पिशवीत हात घालणार आणि माझं 'पोचलं' सगळ्यांसमोर टेबलावर येणार... मग मला त्याचा आवाज ऐकू आला. "नहीं सर। इस बार नहीं ली।"

मी मान वर केली तेव्हा तो माझ्याकडे बघतही नव्हता. मला वाटलं, ती प्रत हरवली त्याच्याकडून. इतक्या कागदांत नेमकी तीच हरवली, माझं नशीब! त्याच संध्याकाळी ड्रॉवरमधलं पत्र मी घरी आणलं, फाडलं आणि तुकडे कचऱ्यात टाकले. महिन्याभरात मला बढती मिळाली.

पेपर मुकुंदने फोडला हे सिद्ध झालं नाही, होणारही नव्हतं. पण 'परवानगीशिवाय संस्थेच्या प्रणालीशी छेडछाड' एवढं पुरलं. जिन्याखालची खोली काढून घेतली. त्याचे संशोधनाचे विद्यार्थी दुसऱ्यांकडे वळते केले, त्यातल्या एकाने नंतर संशोधनच सोडलं. ज्याच्या निबंधांवर परदेशात लोक निबंध लिहीत होते तो माणूस निवृत्त होईपर्यंत पहिल्या वर्षाच्या पोरांना संगणकाचे भाग शिकवत राहिला. विभागप्रमुखाची जागा त्याच्या नाकासमोरून दोनदा गेली. आणि दोन वर्षांनी ते सॉफ्टवेअर गुपचूप दुरुस्त झालं. दुरुस्तीचं टिपण माझ्याच टेबलावरून गेलं. त्यात जे लिहिलं होतं ते मी आधी वाचलेलं होतं, दीड पानात. मी त्यावर सही केली, शिक्का मारला आणि आवक क्रमांकही घातला.

तो माझ्या टेबलावर डबा खायला पुन्हा आला नाही. भांडलाही नाही. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. निवृत्तीनंतर मुकुंद आणि नलिनीवहिनी भोपाळच्या वेशीवर मिसरोदला राहायला गेले. मी एकदाच त्यांच्याकडे गेलो, गृहप्रवेशाला. दारं-खिडक्या दाखवत तो मला घरभर फिरवत होता. निघताना म्हणाला, "येत जा रे. लोणचं आणत जा." मी गेलो नाही.

शोकसभेत ते चौकशीचे अध्यक्ष आले होते. आता चांगलेच थकलेत. त्यांनी माईक धरून सांगितलं की डॉक्टर पिंपळखुटे हमारी संस्था का गौरव थे. ते जुने विभागप्रमुखही फोटोला हार घालताना गहिवरले. कंपनीचा कुणी आला नव्हता, नाहीतर तोही गहिवरला असता. मला त्या सगळ्यांची शिसारी आली. मग मित्र म्हणून माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो आणि त्याच्या विनोदबुद्धीवर पाच मिनिटं बोललो. लोक हसलेसुद्धा. नलिनीवहिनी पहिल्या रांगेत होत्या आणि त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

दिवस झाल्यावर त्यांनी मला मिसरोदला बोलावून घेतलं. मुकुंदच्या टेबलावर एक निळी फाईल काढून ठेवली होती. वर त्याच्या अक्षरात माझं नाव. "उघडा," वहिनी म्हणाल्या. मी उघडली. आत एकच पत्र होतं, दीड पानांचं. कोपऱ्यात माझं अक्षर. पोचलं. खाली माझी सही, नारळाच्या खोक्याच्या फटीवर पेन घसरून शेपटी लांबलेली.

मला बसवेना आणि उठवेनाही. वहिनी समोरच्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "चौकशीला गेले तेव्हा पिशवीत होती ही. जाताना मला दाखवून गेले होते, म्हणाले, काळजी करू नकोस, शरदची पोच आहे. आले ते तशीच घेऊन आले. मी डोकं आपटलं, भाऊजी, या टेबलावर. काऊन नाही दाखवली म्हणून विचारलं. तर म्हणे, त्याची नोकरी गेली असती गं. शब्द त्याचाच होता, त्याला कानांवर हात ठेवायला थोडी जागा राहू दे." त्यांनी फाईल मिटून माझ्याकडे सरकवली. "त्यांनी तुम्हाला माफ केलं का, ते मला माहीत नाही. कधी बोलले नाहीत. मी केलेलं नाही. आजही करत नाही."

मी रडलो. रडून काय होतं, तिथे कुणाला त्याची गरज नव्हती. वहिनींनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मग म्हणाल्या, "पुरवणीवाल्यांचा फोन आला होता. तुम्ही नाही म्हणालात म्हणे. तुम्हीच लिहा. विनोदबुद्धीवर नको." मी फाईल उचलली आणि दाराशी आलो, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. "फाईल दिली मी तुम्हाला. पोच?"

मी खिसे चाचपले. पेन होतं. पण लिहू कशावर, दुसरी प्रत नव्हती. तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "पेपरात द्या. तिथं प्रती खूप निघतात."

ती फाईल आता माझ्या टेबलावर आहे. आमच्या जेवणाच्या टेबलावर, कारण दुसरं टेबल माझ्याकडे नाही. रोज जेवताना ती थोडी बाजूला सरकवावी लागते. बायकोने दोनदा विचारलं, कसली फाईल, आणि काल मी तिलाही सांगितलं. मुकुंदने एवढी वर्षं शिकवलं की अशी सही असते जी केल्यावर माणसाला कानांवर हात ठेवता येत नाहीत. मी त्याच्यादेखत ठेवून दाखवले, आणि त्याच्या पिशवीत पुरावा असताना त्याने मला ते ठेवू दिले. त्याच्या आयुष्यात तो एकदाच खोटं बोलला आणि ते माझ्यासाठी.

मुकुंद, परीक्षा नियंत्रकांच्या नावे लिहिलेलं तुझं दीड पानी पत्र बिट्टन मार्केटमध्ये, नारळवाल्याच्या खोक्यापाशी, तू माझ्या हातात दिलं होतंस. मी ते घेतलं होतं, वाचलं होतं आणि मला ते समजलंही होतं.

पोचलं.

शरद